तीन कुलुपांची वेबसाइट

यासीन फणसोपकरला त्या शनिवारी सकाळपासून एका जागी बसवत नव्हतं. सोफ्यावरून उठायचा, खिडकीपाशी जायचा, फोन बघायचा आणि पुन्हा सोफ्यावर येऊन टेकायचा. पुढ्यातली घावणी गार होऊन चामड्यासारखी झाली होती.

"बसा की जरा," त्याची बायको कुबरा म्हणाली. "तुमच्याकडे बघून मला बोट लागल्यासारखं होतंय."

"अबू नायफ ऑनलाइन आहे," यासीन म्हणाला.

"मग असू दे. तो त्याच्या घरात ऑनलाइन आहे, तुम्ही का उड्या मारताय?"

उड्या मारायला कारण होतं. यासीन जेद्दात ज्या बांधकाम कंपनीत कागदपत्रं सांभाळायचा, तिचा टॉवर बांधून झाला होता. टॉवर झाला म्हणजे कंपनीचं काम खलास, आणि कंपनीचं काम खलास म्हणजे यासीनचा इकामाही, म्हणजे तिथे राहायचा परवानाही, खलास. नवा कफील, म्हणजे परवान्याला जामीन राहणारा मालक, मिळाला नाही तर चौघांनी बोचकी बांधून रत्नागिरीला जायचं, आणि थोरल्या इकराची दहावी अर्धवट सोडायची. अशा वेळी मक्केत दोन हॉटेलं असलेला अबू नायफ भेटला. त्याला वेबसाइट सांभाळणारा माणूस हवा होता. यासीनला वेबसाइटमधलं जेवढं कळत होतं, तेवढं त्याने सांगितलं, आणि जेवढं कळत नव्हतं तेही सांगितलं. वर छाती काढून म्हणाला, "आमच्या साखरखाडी गावच्या जमातीची वेबसाइट मीच चालवतो."

"शनिवारी असरच्या नमाजानंतर बघतो," अबू नायफ म्हणाला होता. "आवडली तर इकाम्याची ट्रान्सफर लगेच. इन्शाअल्लाह, या मुहंदिस."

मुहंदिस म्हणजे इंजिनिअर. त्या देशात ज्याच्या खिशाला पेन असतं तो मुहंदिस. तरी त्या रात्री यासीन घरी ताठ मानेने आला होता.

तेवढ्यात आतून इकरा आली, हातात फोन. ही पोरगी घरात मराठी ऐकायची आणि उत्तर मनाला येईल त्या भाषेत द्यायची.

"अब्बा, जमात की साइट तो एकदम मस्त हो गई. मेरेको तीन फ्री स्पिन मिले."

यासीनने फोन ओढून घेतला. साखरखाडीच्या मशिदीचा फोटो जिथे असायचा, तिथे एक सोनेरी चाक गरगरत होतं. चाकाखाली एक बाई डोळा मारत होती. तिच्या खांद्यावर पोपट होता आणि पोपटाच्या चोचीत सोन्याची नाणी. खाली कुठल्याशा परक्या भाषेत काहीतरी लिहिलं होतं, त्यातला 'कसिनो' एवढा एकच शब्द कुणालाही कळला असता. अबू नायफलाही.

जमातीची साइट, त्यात जुगार, आणि ती बघणार मक्केतला हॉटेलवाला.

आता ही वेबसाइट अशी उघड्यावर कशी पडली, हे समजायला साखरखाडीच्या पेटीपासून सुरुवात करायला हवी.

साखरखाडीच्या मशिदीत जमातीची एक सागवानी पेटी आहे. तिला तीन कुलुपं. तीन किल्ल्या तीन घराण्यांकडे. पेटी उघडायची तर तिन्ही घरची माणसं हजर लागतात, आणि एक जण किल्ली फिरवत असताना बाकीच्या दोघांनी पाठ करून उभं राहायचं. वाडवडिलांचा एकमेकांवर इतका गाढ विश्वास होता की एका कुलपात तो मावला नाही.

जेद्दातल्या साखरखाडीकरांनी वेबसाइट काढायचं ठरवलं तेव्हा पहिला प्रश्न आला होस्टिंगचा, म्हणजे साइट ठेवायची कुणाच्या घरी. यासीन तयारीने गेला होता. रोजच्या रोज साइटची नक्कल काढून ठेवणारी, आत शिरताना फोनवर वेगळा नंबर पाठवून खात्री करणारी, चोर दिसला की आपणहून दार लावणारी अशी एक नामांकित कंपनी त्याने सुचवली. जमातीच्या अध्यक्ष इस्मतचाची. नवरा गेल्यावर त्याचं जेद्दाच्या अजीजिया भागातलं मसाल्याचं दुकान आणि त्याच्या घराण्याची किल्ली, दोन्ही त्यांच्याकडे आलं होतं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"कुणाची हाय ही?" त्यांनी विचारलं.

"कंपनी आहे, चाची."

"कंपनी म्हणजे कुणाची? गाव कुठला?"

कंपनीला गाव नव्हतं. त्यामुळे कंपनी बाद झाली. त्यापेक्षा चाचींचा माणगावातला भाचा तल्हा बरा. तोही होस्टिंग करतो. त्याचा बाप माहीत, आजा माहीत, उद्या काही कमीजास्त झालं तर त्याच्या आईला फोन लावता येतो. एवढी सोय जगातली कुठली कंपनी देते?

"बॅकअप आहे ना रे?" यासीनने तेव्हा तल्हाला फोनवर विचारलं होतं.

"दादा, बिनधास्त राहा. लाइट गेली तरी इन्व्हर्टर आहे."

मग आला पासवर्ड. तो एका माणसाकडे ठेवायची कल्पनाच कुणाला सोसली नाही. पेटीच्या चालीप्रमाणे त्याचे तीन तुकडे झाले. पहिला चाचींचा, मधला मक्केच्या हॉटेलात खोल्यांची साफसफाई बघणाऱ्या सुफियान मुकादमचा, शेवटचा जिझानच्या बंदरात टग बोट चालवणाऱ्या मुआज सारंगचा. एक जण लॅपटॉपवर बोटं चालवतोय आणि बाकीचे दोघे भिंतीकडे तोंड करून उभे, असा तो सोहळा झाला. यासीनलाही भिंतीकडे उभं केलं, लॅपटॉप त्याचाच असला तरी. त्यानंतर यासीनने साइट कधी बंदच केली नाही. लॅपटॉप उघडला की साइट उघडी. गरजच पडली नाही पासवर्डची.

आज लॅपटॉप उघडला तर पडद्यावर कोरी चौकट. पासवर्ड टाका.

यासीनने तल्हाला फोन लावला. मागून आरडाओरडा येत होता. तल्हा मैदानावर होता.

"दादा, बघितलं मी," तल्हा म्हणाला. "म्हणून तर सगळ्यांना बाहेर काढलं. चोरपण बाहेर, तुम्हीपण बाहेर. आता जो पासवर्ड टाकेल तो आत."

"अरे, चोराकडे पासवर्ड असला तर?"

"म्हणून म्हटलं, तुम्ही आधी टाका."

"तू तुझ्या बाजूने बदल ना."

"इस्मतफुफीने शपथ घातलीय. तिघांचं हो आल्याशिवाय हात लावायचा नाही. तुम्हाला फुफी माहिताय."

"मग 'पासवर्ड विसरलात का' ते बटण कुठे गेलं?"

"तेपण फुफीनेच काढायला लावलं. म्हणाली, विसरलो म्हटलं की किल्ली मिळते, ही कसली चौकी?"

"निदान साइट बंद तरी कर. माझा कफील बघणार आहे रे."

"बंद केली तर त्याच मशीनवर बकरीवाल्याची साइट आहे, तीपण बंद होते. ईद तोंडावर आलीय, दादा. तो मला कापेल." पलीकडे कुणीतरी आउट झालं. "अन् एक. तीनदा पासवर्ड चुकला तर दिवसभर कुलूप. सिक्युरिटी कडक ठेवलीय मी."

यासीन फोन ठेवतोय तोवर जमातीच्या ग्रुपवर मेसेजांची रांग लागली होती. जमातीने लकी ड्रॉ काढला, मुबारक असो. मला दहा स्पिन मिळाले. मला पोपट मिळाला, पोपट कुठून घ्यायचा? दम्मामच्या एका काकांनी नंबर मागितला म्हणून आपला, बायकोचा आणि मेव्हण्याचाही फोन नंबर देऊन टाकला होता. यासीनने घाईघाईने लिहिलं, 'चाक फिरवू नका, साइट हॅक झाली आहे.' खाली लगेच कुणीतरी लिहिलं, 'यासीनला स्पिन मिळालेला दिसत नाही.'

त्याने इस्मतचाचींना फोन लावला.

"यासीन, बरं केलंस फोन केलास," चाची म्हणाल्या. "मला जॅकपॉट आलाय. तो कधी मिळतो?"

"चाची, ते चोर आहेत. साइटीत घुसलेत."

"गावचे?"

"नाही हो. कुठले कोण जाणे."

"मग गावचेच असतील. बाहेरच्याला आपल्या साइटीत काय पडलंय?"

"चाची, मला तुमचा पासवर्डचा तुकडा सांगा. असरच्या आत साफ करायचंय. माझ्या इकाम्याचा प्रश्न आहे."

चाची आवाज खाली आणून म्हणाल्या, "फोनवर? तूच दर जुम्म्याला मेसेज टाकतोस ना, पासवर्ड कुणालाही फोनवर देऊ नये म्हणून? दुकानात ये. आणि त्या दोघांना हजर कर. तिघं असल्याशिवाय माझी किल्ली फिरणार नाय."

हे ऐकून यासीनने कपाळावर हात मारला. गेल्या ईदमिलनापासून चाची आणि सुफियानभाईंचं बोलणं बंद होतं. त्या दिवशी चाचींचं अध्यक्षीय भाषण इतकं लांबलं की सुफियानभाईंनी पहाटेपासून राबून केलेली बिर्याणी गार पडली. सुफियानभाईंचं म्हणणं, भाषण आवरायला हवं होतं. चाचींचं म्हणणं, चांगली बिर्याणी भाषणाला घाबरत नाही. मुआजने मध्यस्थी करताना गार बिर्याणीही बरी लागते असं म्हटलं, तेव्हापासून सुफियानभाई त्याच्याशीही बोलत नव्हते.

"त्या बाईच्या दुकानाची पायरी मी चढणार नाय," सुफियानभाई फोनवर म्हणाले.

"सुफियानभाई, माझ्या पोरीची दहावी आहे."

"निघतो," ते म्हणाले. "पण पायरी चढणार नाय."

मक्केहून गाडी यायला तासभर तरी लागणार. तोवर यासीनने अजीजियात चाचींच्या दुकानात येरझारा घालून हळदीच्या पोत्यापासून सुक्या बोंबलापर्यंत फरशी गुळगुळीत केली. दर दोन मिनिटांनी फोन काढायचा. अबू नायफ ऑनलाइन. अबू नायफ ऑफलाइन. अबू नायफ पुन्हा ऑनलाइन. तो ऑनलाइन असला की वाटायचं, साइट बघतोय. ऑफलाइन गेला की वाटायचं, बघितली.

"तू गिऱ्हाइकाच्या आड येतोस," चाची म्हणाल्या. "पोत्यावर बस. त्या नको, त्यात मिरच्या हायत."

सुफियानभाई आले ते इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात, अत्तर लावून. भांडणाला जाताना माणूस लग्नाला जाताना घालत नाही ते कपडे घालतो. दुकानाच्या उंबऱ्यावर येऊन थांबले, एक पाय आत, एक पाय बाहेर.

"आत या," यासीन म्हणाला.

"हा उंबरा हाय. पायरी वेगळी. मी पायरी चढलो नाय."

"याला सांग, उंबऱ्यात उभा राहू नको, बरकत अडते," चाची यासीनला म्हणाल्या.

"यांना सांग, बरकत त्या दिवशी भाषणातच अडली होती," सुफियानभाई यासीनला म्हणाले.

राहिला मुआज. जिझान म्हणजे गाडीने दिवसभराची वाट, त्यामुळे त्याला बोलवायचा प्रश्नच नव्हता. त्याने आपल्या फोनवर एक ॲप घालायचं आणि तिथून यासीनच्या लॅपटॉपवर आपला तुकडा टाकायचा, असं यासीनने ठरवलं. व्हिडिओ कॉल लावला. मुआज टगच्या केबिनमध्ये बसला होता, मागे समुद्र हलत होता.

"मुआजभाई, मी एक लिंक पाठवलीय. ती दाबा आणि ॲप घ्या."

मुआजने भुवया आवळल्या. "लिंक दाबू? ॲप घेऊ? कालच्याच जुम्म्याला यासीनचा मेसेज आलाय, ओळखीच्या माणसाने जरी लिंक पाठवली तरी दाबू नका. चोर आजकाल चेहरापण बनवतात."

"मुआजभाई, मीच तो यासीन."

"तेच तर. चोर काय म्हणणार, मी चोर?"

"चाची इथे आहेत, सुफियानभाई आहेत. बघा."

"तेही बनवले असतील. दोघं एका दुकानात उभे हायत, म्हणजे तर नक्कीच बनवलेत."

उंबऱ्यावरचे सुफियानभाई पहिल्यांदाच जरा हसले. यासीनने मात्र घड्याळ बघितलं. "विचारा काय विचारायचं ते," तो म्हणाला.

मुआज थोडा विचार करून म्हणाला, "हनीफ हुर्जुकच्या वरातीच्या होडीत यासीनने काय केलं होतं?"

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, एक केरळी नर्स आणि एक हैदराबादी. त्यांना मराठी कळत नव्हतं, पण चाची लगेच हिंदीत समजावून सांगायला लागल्या.

"मुआजभाई, दुसरं काही विचारा."

"हेच."

यासीनने मान खाली घातली. "नवरदेवाच्या शेरवानीवर उलटी केली."

"किती वेळा?"

"दोनदा."

"बरोबर," मुआज म्हणाला. "चोराला एकदाचीच माहीत असती. दुसऱ्या वेळी आम्ही चौघंच होतो. कुठाय ती लिंक?"

सोहळा सुरू झाला. चाचींनी हात पुसले, सगळ्यांना पाठ करायला लावली, एकेक बोटाने आपला तुकडा टाकला. मग चाची तांदळाच्या पोत्यांकडे वळल्या आणि सुफियानभाईंनी उंबऱ्यातूनच लॅपटॉप धरून आपला टाकला. मग जिझानहून मुआज. लॅपटॉपवरचा बाण आपोआप इकडेतिकडे धडपडत चौकटीपाशी आला, तेव्हा चाचींनी तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटून लॅपटॉपवर फुंकर घातली.

यासीनने बटण दाबलं. पासवर्ड चुकला.

"माझा बरोबर हाय," चाची म्हणाल्या.

"माझाही," मुआज म्हणाला.

सुफियानभाई रस्त्याकडे बघत होते.

"सुफियानभाई?"

"आता कसं आहे," सुफियानभाई म्हणाले, "मी बदलत असतो ना."

"काय बदलत असता?"

"पासवर्ड. तुझाच मेसेज होता, दर थोड्या महिन्यांनी बदलावा. मी नेमाने बदलतो. बाकीचे बदलतात की नाय मला ठावूक नाय."

"बदलता म्हणजे? कुठे बदलता? लॅपटॉप माझ्याकडे असतो."

"मनात."

दुकानात समुद्राचा आवाज तेवढा येत होता, जिझानहून.

"मनात बदलला, आणि लॅपटॉपला सांगितलं नाय?" चाचींनी नाइलाजाने थेट विचारलं. कित्येक महिन्यांनी दोघांचं हे पहिलं वाक्य.

"सांगायचा नसतो कुणाला," सुफियानभाई म्हणाले. "तेच तर त्याचं."

"मग पहिला कुठला होता?" यासीनने विचारलं.

"तो विसरायचा असतो ना रे. नवा ठेवला की जुना विसरायचा." तरी त्यांनी डोळे मिटले, ओठ हलवले. "थांब. आठवला. टाका परत."

परत सगळ्यांनी पाठी केल्या. परत तीन तुकडे. परत चुकला. आता एकच संधी उरली, आणि तेवढ्यात असरची अजान झाली.

चाचींनी शटर अर्धं ओढलं. यासीन आणि सुफियानभाई शेजारच्या मशिदीत गेले. यासीन रांगेत उभा राहिला खरा, पण बूट काढून ठेवावेत तसं मन बाहेर ठेवता आलं नाही. ते आपलं अबू नायफच्या फोनपाशी. असर होत आली. अबू नायफ म्हणाला होता असरनंतर.

परत आल्यावर त्याने फोन बघितला. अबू नायफ ऑनलाइन.

"आता शेवटचं," यासीन म्हणाला. "सुफियानभाई, आईची शपथ, नीट आठवा."

"आठवलाय. नमाजात रुकूला वाकलो तेव्हाच आठवला."

पुन्हा एकदा चाची पोत्यांकडे, सुफियानभाई रस्त्याकडे, मुआज समुद्राकडे. तिघांनी आपापले तुकडे टाकले, आणि चालीप्रमाणे पेटी उघडली असं कुणी म्हणेपर्यंत कुणीच वळायचं नव्हतं. लॅपटॉप यासीनच्या हातात. चौकटीत काळे ठिपके, आणि ठिपक्यांच्या शेवटी एक बारीकसा डोळा. तो दाबला की ठिपक्यांची अक्षरं होतात. यासीनला हे पहिल्यापासून माहीत होतं. पण पाठ केलेल्या माणसांचा मान राखायचा म्हणून त्याने कधी दाबला नव्हता.

आता त्याने इकराची दहावी डोळ्यांपुढे आणली आणि दाबला.

साखरखाडी. गरमबिर्याणी. साखरखाडी.

यासीन बघतच राहिला. चाचींनी गावाचं नाव ठेवलं होतं. मुआजनेही गावाचंच नाव ठेवलं होतं. वेबसाइटचं नावही साखरखाडी. एवढं पाठ फिरवणं, एवढ्या शपथा, आणि दोघांनी दारावरची पाटीच किल्ली म्हणून लावली होती. मधली गरम बिर्याणी ही सुफियानभाईंची ताजी जखम. ती व्हायच्या आधी, अगदी पहिल्या दिवशी, भिंतीकडे तोंड केलेल्या दोन गाववाल्यांमागे उभं राहून, गावाबाहेर पाऊल टाकलं की गावाशिवाय दुसरं काही न सुचणाऱ्या सुफियानभाईंनी काय ठेवलं असेल?

यासीनने बिर्याणी पुसली आणि तिथे तिसऱ्यांदा गावाचं नाव लिहिलं. दाबलं.

साइट उघडली. चोराला असा कितीसा वेळ लागला असेल? तो इतका निवांत होता की त्याने कुलूपही बदललं नव्हतं.

"उघडलं," यासीन म्हणाला.

तिघेही वळले. सुफियानभाईंचा चेहरा फुलला. "बघ. मी म्हटलं ना, माझी आठवण पक्की हाय."

यासीनने चाक उखडलं, बाई घालवली, पोपट घालवला. मशिदीचा फोटो परत आला. मागे चाची सुफियानभाईंना म्हणत होत्या, "ती बिर्याणी भाषणाने गार नाय झाली. तुमच्या पातेल्याचं झाकण बसत नव्हतं."

"झाकण बसत होतं. तुम्ही बसत नव्हता."

"आत येऊन बोल. उंबऱ्यात उभा राहून भांडू नको."

सुफियानभाई आत आले. पायरी, उंबरा, सगळं ओलांडून आले, आणि मिरच्यांच्या पोत्यावर बसले. चाचींनी त्यांना सांगितलं नाही.

तेवढ्यात यासीनचा फोन वाजला. अबू नायफ.

यासीन दुकानाबाहेर उन्हात जाऊन उभा राहिला. त्याचं मोडकंतोडकं अरबी त्या दिवशी आणखीच मोडलं.

"या मुहंदिस, मी दुपारी बघितली तुझी वेबसाइट," अबू नायफ म्हणाला. "चाक होतं. पोपट होता."

"सय्यदी, ते चोर होते."

"कळलं मला. आता परत बघितली. मशीद आहे. कुणी काढलं चोरांना?"

"मीच."

अबू नायफ म्हणाला, "माझ्या हॉटेलच्या साइटीतपण चोर शिरले होते. त्यांना काढायला महिना गेला. कुणाकडून पासवर्ड फुटला, हे अजून कळलं नाही. माझा माझ्या भावांवर संशय आहे, भावांचा माझ्यावर. तुम्ही लोक पासवर्ड कुणाकडे ठेवता?"

आता इथे यासीनने गप्प बसायला हवं होतं. पण कफील खूश आहे हे कळलं की माणसाची जीभ सैल सुटते. त्याने पेटीची गोष्ट सांगितली. तीन कुलुपं, तीन किल्ल्या, तीन घराणी, फिरवलेल्या पाठी. शेवटी थोडं मीठमसाला लावून म्हणाला, "शेकडो वर्षांची पद्धत आहे, सय्यदी. एकटा माणूस फोडूच शकत नाही."

अबू नायफ म्हणाला, "उद्या मक्केला ये. आम्ही भाऊपण तीनच आहोत."

दुसऱ्या दिवशी यासीन हॉटेलच्या ऑफिसात पोचला, तेव्हा तीन सोफ्यांवर तीन भाऊ बसले होते, प्रत्येकाचं तोंड वेगळ्या भिंतीकडे. पाठ फिरवायला सांगायचीही गरज नव्हती. हॉटेलला त्यांच्या वडिलांचं नाव होतं आणि भिंतीवर वडिलांचा मोठा फोटो. यासीनने या वेळी होस्टिंग चांगलं निवडलं होतं. रोजची नक्कल, फोनवर नंबर, चोर दिसला की दार बंद. कंपनीला गाव नव्हतं, पण अबू नायफने विचारलंही नाही. त्याला फक्त तीन कुलुपं हवी होती, आणि फोनवरच्या नंबराला त्याने साफ नकार दिला. नंबर कुणाच्या फोनवर येणार, यावरून तिघांची सकाळीच जुंपली होती.

"पासवर्ड ठेवून झाला की मी तुझी ट्रान्सफर मंजूर करतो," अबू नायफ म्हणाला आणि त्याने फोन गुडघ्यावर ठेवला. पडद्यावर हिरवं बटण होतं. यासीनचा सगळा संसार त्या बटणाखाली दबून बसला होता.

आधी थोरल्याने टाकला. ठिपके पडले. मग मधल्याने, मग धाकट्या अबू नायफने. यासीन बाजूला उभा राहून ठिपके बघत होता. तिन्ही वेळा ठिपके सारखेच, हॉटेलच्या नावात अक्षरं जेवढी तेवढेच. त्याची नजर भिंतीवरच्या वडिलांकडे गेली. डोळ्याचं बटण दाबायची गरजच नव्हती, तरी बोट तिथे जाऊन आलं.

सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही त्याने. सय्यदी, तुम्ही तिघांनी एकच... पण हे सांगायचं म्हणजे तिघांचंही गुपित तिघांसमोर फोडायचं, आणि वर आपल्याला ते कसं कळलं हेही सांगायचं.

अबू नायफचं बोट हिरव्या बटणावर येऊन थांबलं होतं.

"सेफ?" त्याने विचारलं.

यासीनला इकरा दिसली, तिची पुस्तकं दिसली, बोचकी दिसली.

"सेफ," तो म्हणाला.

बोट खाली आलं. यासीनच्या खिशातला फोन थरथरला. ट्रान्सफर मंजूर. त्याने मनातल्या मनात अल्हमदुलिल्लाह म्हटलं आणि लॅपटॉप मिटला.

"तमाम, उत्तम," थोरला भाऊ भिंतीकडे बघतच म्हणाला. "आता पुन्हा चोरी झाली, तर ती माझ्याकडून नाही. माझा एकच तुकडा आहे."

"माझ्याकडूनही नाही," मधला म्हणाला.

"माझ्याकडून तर नाहीच," अबू नायफ म्हणाला. "तिघांचे तुकडे एकत्र कुणालाच माहीत नाहीत. लॅपटॉप फक्त मुहंदिसच्या हातात होता."

तिन्ही भावांनी सावकाश माना वळवल्या. किती वर्षांनी तिघांची नजर एकाच ठिकाणी आली होती, आणि ते ठिकाण यासीन होतं.

"यल्ला," अबू नायफ गोड हसून म्हणाला, "उद्या सकाळी कामावर ये."

यासीन हॉटेलाबाहेर पडला तोच कुबराचा फोन आला.

"झालं?"

"झालं. मंजूर झाली."

"मग आवाज असा का येतोय? धापा का टाकताय?"

"चालतोय."

"गाडी कुठाय?"

यासीनने आजूबाजूला बघितलं. गाडी हॉटेलच्या तळघरात होती आणि तो तिसऱ्या सिग्नलपर्यंत येऊन पोचला होता.

"आता तरी घरी येऊन एका जागी बसा," कुबरा म्हणाली. "घावणी करते."

"करून ठेव," यासीन म्हणाला, आणि सिग्नल लाल असतानाच पुढे चालायला लागला.